काडेपेटीवरचा बूट

दर रविवारी आंघोळीच्या आधी मी यांच्या पायाला टाचणी टोचते. डॉक्टरांनीच शिकवलंय. हे पलंगावर कुशीवर होतात, डोळ्यांवर टॉवेल घेतात आणि उजवा पाय माझ्या मांडीवर देतात. अंगठ्यापासून सुरुवात करून हळूहळू वर यायचं.

"लागलं?"

"नाही."

"लागलं?"

"नाही."

"आता?"

"आता लागलं ना! पाय आहे गं, पडदा नाही."

जिथं पहिल्यांदा लागतं तिथं मी निळ्या खडूनं रेघ ओढते, टाचेपासून फीत लावते आणि आकडा कॅलेंडरवर लिहिते. फीत, खडू, टाचणी, सगळं माझ्या शिवणाच्या डब्यातलं. तीस वर्षं मी लोकांचे पडदे आणि उशांचे अभ्रे शिवतेय. नवऱ्याचं असलं माप घ्यावं लागेल असं कधी मनातही आलं नव्हतं. पहिल्या रविवारी तीन इंच होतं. मग साडेतीन. मग दोन रविवार तिथंच थांबलं, तेव्हा मी मनातल्या मनात कुणाकुणाचे आभार मानले. त्याच्या पुढच्या रविवारी एकदम पाच.

डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून दाखवला होता. मणक्यातली गादी सरकून नसेवर बसलीय, म्हणाले, आणि आजकालची नाही, बरीच वर्षं बसलेली दिसते. आता नस मरायला लागलीय. हा बधिरपणा गुडघ्याशी पोचायच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, नंतर पाय असून नसल्यासारखा. तसलं ऑपरेशन सैनिकांच्या दवाखान्यात होतं. बाहेर करायचं म्हटलं तर आम्हा दोघांना विकूनही झालं नसतं. आणि सैनिकांच्या दवाखान्यात ते तेव्हाच होतं, जेव्हा सैन्याच्या डॉक्टरांचं बोर्ड लिहून देतं की पाठ नोकरीतच गेली. माझ्या डोक्यात तेव्हापासून दोनच गोष्टी होत्या, बोर्डाची तारीख आणि ती निळी रेघ, आणि दोघींत आधी कोण पोचतं.

आमचे हे एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेले आणि एकेचाळिसाव्या वर्षी परत आले. त्यांनी बंदूक फारशी चालवली नाही. दारूगोळ्याच्या कोठारात पेट्या उचलायच्या, लावायच्या, मोजायच्या, पुन्हा उचलायच्या. लोक विचारायचे, लढाई पाहिली का? हे सांगायचे, "लढाईला लागणारं सामान पाहिलं." पेटीला दोन्ही टोकांना दोरीचे कान, प्रत्येक कानाला एक माणूस. दोघांतला एक ओरडणारा. "उचलतोय", "चालतोय", "सोडतोय". ओरडल्याशिवाय पेटीचं टोक सोडायचं नाही, हा तिथला पहिला नियम, आणि तो यांच्या अंगात इतका मुरला की घरातही सुटला नाही. आम्ही दोघं मिळून चादरीची घडी घालायला लागलो की हे माझ्या हातात कोपरे देण्याआधी खड्या आवाजात "सोडतोय!" म्हणणार. नवी नवरी होते तेव्हा मी दचकायचे. पुढे हसायचे. शेजारीण म्हणायची, तुमच्याकडे रोज ट्रक भरतात वाटतं.

बाकी माणूस साधा. शर्टाला इस्त्री स्वतः करणार, पेपर घडी मोडल्याशिवाय वाचणार, आणि दुखतंय हा शब्द तोंडातून काढणार नाही. "जरा अवघडलंय" म्हणाले की समजायचं, आज उभं राहवत नाहीये. "गाडीत बसून बसून झालंय" म्हणाले की समजायचं, रात्रभर झोप नाही. सुट्टीवर यायचे तेव्हाच मला कळलं होतं की पाठीचं काहीतरी बिनसलंय, कारण यांना बुटाच्या नाड्या बांधता यायच्या नाहीत. मी बांधायचे. एकदा विचारलं, "तिकडे कोण बांधतं?" तर म्हणाले, "बांधतं कुणीतरी." मी सोडून दिलं. ते मी सोडायला नको होतं.

बोर्डाच्या कचेरीतल्या खिडकीवरची बाई माझ्या थोरल्या भाचीएवढी असेल. तिनं यांची फाईल उघडली, पानं उलटली आणि आमच्याकडे असं पाहिलं, जशी मी उलटं शिवलेलं कापड बघते.

"काका, तीन गोष्टी लागतात. पाठ आज खराब आहे, याचा कागद. तो आहे. तेव्हाच्या दुखण्याचा आणि आजच्या दुखण्याचा संबंध आहे, याचा कागद. तो डॉक्टर देतील म्हणतात. पण मधलाच नाही ना! नोकरीत पाठीला काय झालं, कधी झालं?"

यांनी शर्टाची बाही नीट केली.

"इथं तर सगळं स्वच्छ आहे. दर वर्षीची तपासणी. पाठीची तक्रार, नाही. पाठीची तक्रार, नाही. अकरा वर्षं ओळीनं 'नाही', आणि खाली सही तुमचीच. अक्षर मात्र सुंदर आहे हं."

मी म्हटलं, "बाई, अक्षराचं राहू द्या. आता करायचं काय?"

तिनं सांगितलं. कागद नसेल तर माणूस चालतो. त्याच तुकडीतला, डोळ्यांनी पाहिलेला. त्यानं जबाब लिहून लिफाफा बंद करून थेट बोर्डाकडे पाठवायचा आणि त्या दिवशी समक्ष हजर राहायचं. बोर्ड पाच आठवड्यांनी. तिथं नामंजूर झालं तर अपिलाला दोन वर्षं. तिनं हे दोन वर्षं इतक्या सहज म्हटलं, जणू दोन स्टेशनं. दोन वर्षांत ती रेघ कमरेपर्यंत गेली असती.

घरी आल्यावर मी विचारलं, "काय झालं होतं तिकडे?" हे म्हणाले, "काही नाही." दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. मी भांडले, जेवले नाही, मशीन जोरजोरात चालवली. माणूस भिंत होऊन बसला. त्या रविवारी सहा इंच. पुढच्या रविवारी सात. शेवटी भिंतीला नाही, जिन्याला माझी दया आली. दुपारी दूध घेऊन येताना यांचा उजवा पाय पायरीवर पडलाय की हवेत आहे हे यांना कळलंच नाही. सात पायऱ्या खाली गेले. मी धावले तर हे जिन्याच्या तळाशी दुधात बसलेले, आणि पहिलं वाक्य काय? "पिशवी फाटली गं."

मला हसू नाही आलं. मी तिथंच दुधात बसले आणि रडले. तेव्हा यांनी सांगितलं. सांगण्याआधी माझा हात धरून माझ्याकडून वचन घेतलं की हे दुसऱ्या कुणाला सांगायचं नाही. मी दिलं. त्या वेळी कशालाही हो म्हटलं असतं.

यांच्या पेटीच्या दुसऱ्या टोकाला कायम एकच माणूस असायचा. त्याचा आवाज एवढा मोठा की त्याला सगळे भोंगा म्हणायचे. दोघांत ओरडणारा अर्थातच तो. मी त्याला लग्नापासून ओळखते, मी भोंगाभावजी म्हणायचे आणि तो दणदणीत "ओ वहिनी!" करायचा. तर कोठाराच्या फाटकाशी एक लाकडी फळी होती, तिला खण. आत जाणाऱ्यानं काडेपेटी, लायटर, जे असेल ते खणात ठेवायचं आणि बिल्ला घ्यायचा. आत काडेपेटी सापडली तर नोकरी तिथल्या तिथं संपली, वर तुरुंग. यांच्या नोकरीच्या अकराव्या वर्षी एका सकाळी भोंगा काडेपेटी ठेवायला विसरला. बाकी काही नाही, नुसता विसरला. दोघं पेटी घेऊन चालत होते. भोंगा वाकला आणि वरच्या खिशातून काडेपेटी टपकन खाली पडली. साहेब दाराशी पाठ करून यादी वाचत उभे. भोंग्यानं काडेपेटी उचलायला हात सोडला. ओरडला नाही. ओरडणार कसा?

"पेटी आपटली असती तर?" मी विचारलं.

"नसती आपटू दिली," हे म्हणाले. कमरेतून पिळून यांनी ती अख्खी पेटी मांडीवर झेलली. आणि भोंग्याचा हात पोचायच्या आत साहेब वळले, म्हणून बूट पुढे सरकवून काडेपेटीवर ठेवला. पेटी मांडीवर, बूट काडेपेटीवर, असे हे उभे. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" हे म्हणाले, "काही नाही, साहेब." पाठीत तेव्हाच कड्कन वाजलं होतं, यांना एकट्यालाच ऐकू आलं.

दवाखान्यात गेले असते तर विचारलं असतं, कसं झालं, सोबत कोण होतं. म्हणून गेले नाहीत. त्या दिवसापासून अकरा वर्षं, रोज सकाळी परेडच्या आधी, भोंगा यांच्या खाटेशी गुडघ्यावर बसून यांच्या नाड्या बांधायचा. दोघं त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. मला कसं वाटलं ते सांगते. राग आला. त्या भोंग्याचा नाही, यांचा. म्हटलं, "त्याची नोकरी वाचवलीत, आता तो तुमचा पाय वाचवू दे."

"त्याला विचारायचं नाही," हे म्हणाले. "तो आता कुठं आहे माहीत आहे ना? निवृत्तीनंतर त्याला तिथंच ठेवलंय. फाटकावर. काडेपेट्या जमा करायला."

मी विचारायला गेले. यांना सांगितलं, गिऱ्हाइकाकडे पडदे लावायला जाते, आणि पिशवीत खरंच दोन पडदे घेतले, म्हणजे खोटं अर्धंच झालं.

भोंगाभावजी एकटेच राहतात. बायको जाऊन चार वर्षं झाली. कोठाराच्या कुंपणाला लागून दोन खोल्या, नोकरी आहे तोवर त्यांच्या. दार त्यांनी उघडलं आणि "या वहिनी" म्हणाले, तर मी मागे वळून पाहिलं, कोण बोललं म्हणून. आवाज एवढासा झाला होता. खोली झाडलेली, भांडी पालथी, भिंतीवर फाटकाच्या वेळांचा तक्ता. चहा विजेच्या किटलीत केला. मी म्हटलं, गॅस संपला का? तर म्हणाले, "गॅस नाही ठेवत. पेटवायला काडी लागते."

एवढंच म्हणाले, आणि मला कळलं की हा माणूसही काही सुखानं झोपत नाहीये.

मी पायाचं सांगितलं. रेघेचं सांगितलं, आठ इंचांवर आलीय म्हटलं. ते कपातल्या चहाकडे बघत ऐकत होते. मग विचारलं, "त्यानं काय सांगितलंय तुम्हाला?"

"सगळं."

"आणखी कुणाला?"

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पाय किती गेला हे न विचारता माणूस आणखी कुणाला माहीत आहे हे विचारतो, तेव्हा तो काय मोजत असतो? पण मी गरजू होते, आणि गरजू माणसाला समोरचा नेहमी चांगलाच दिसतो.

"कुणालाच नाही," मी म्हटलं. "आणि काडेपेटीचं लिहायची गरजही नाही, भावजी. पेटी उचलताना पाठ गेली, मी पाहिलं, एवढं पुरे."

"ते विचारतील ना, हात का सुटला," ते म्हणाले. ते उठले, कप विसळून पालथे घातले. मग, "लिहितो, वहिनी. पाठवतो."

मी परत आले आणि पंधरा दिवस त्या एका वाक्यावर जगले. हे मात्र ओळखत होते. पडदे दोन्ही परत आलेले यांनी पाहिले होते. जेवताना एकदा म्हणाले, "त्याच्याकडे गेली होतीस." मी वाढत राहिले.

बोर्डाच्या आधीच्या रविवारी नऊ इंच. रेघ पोटरीच्या मध्यावर.

त्या सकाळी मी यांना बजावून नेलं. ताठ उभं राहायचं नाही. विचारलं कसे आहात, तर ठीक म्हणायचं नाही. दुखतंय म्हणायचं, हा शब्द. घरी दोन वेळा म्हणून घेतला, तर माणूस असा लाजला, जसं मी त्याला नाचायला सांगतेय. तिथं लांब बोळ, भिंतीला लाकडी बाक, आणि बाकावर आमच्यासारखी दहा-बारा माणसं, कुणाचा हात, कुणाचा कान, कुणाची नुसतीच नजर गेलेली. अगदी टोकाला भोंगाभावजी बसले होते. इस्त्रीचा शर्ट, टोपी मांडीवर. मी हसले. त्यांनी टोपी फिरवली. या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली, बस.

आम्हाला आत बोलावलं. यांचे बूट काढायला-घालायला माणूस लागतो म्हणून मलाही सोडलं. टेबलामागे तिघं. मधल्या खुर्चीवर पांढऱ्या केसांच्या डॉक्टरबाई. त्या म्हणाल्या, "या." आणि आमच्या ह्यांनी काय करावं? टाचा जुळवल्या, छाती काढली, हनुवटी वर, हात शिवणीला. असा सरळ माणूस मी आमच्या लग्नातही पाहिला नव्हता.

"कसं आहे?"

"ठीक आहे, साहेब!"

मी डोळे मिटले. उजवीकडचे डॉक्टर लिहायला लागले. शिकवून काय उपयोग, बावीस वर्षांचं शिकवलेलं समोर उभं होतं.

डॉक्टरबाईंनी एक लिफाफा फोडला आणि वाचला. "साक्षीदाराचा जबाब. 'मी सदर सैनिकासोबत एकाच तुकडीत होतो. त्यास पाठीची कोणतीही तक्रार असल्याचे किंवा पाठीला इजा झाल्याचे मी कधीही पाहिले किंवा ऐकले नाही.'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हा तुम्हीच बोलावलेला साक्षीदार ना?"

यांच्याकडे पाहिलं तर यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. यांना माहीत होतं. बहुतेक पहिल्यापासून माहीत होतं.

भोंगाभावजींना आत बोलावलं. जबाब तुमचाच? हो. सही तुमचीच? हो. आवाज एवढासा. डॉक्टरबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "बरं, पाय तर बघू या. बूट काढा."

मी पिशवी खाली ठेवून पुढे होणार, तोवर भोंगाभावजी खाली बसलेसुद्धा होते. एक गुडघा जमिनीवर, यांचा उजवा बूट मांडीवर. मी नाड्यांची टोकं नेहमी बुटाच्या जिभेआड खोचते. हे मला यांनीच शिकवलं होतं, लोंबती नाडी पेटीत अडकते म्हणून. त्यांनी न बघता बोट आत घालून टोकं बाहेर काढली, गाठ सोडली, टाच एका हातात धरून बूट अलगद उतरवला. टाच धरताना आधी थोडी वर उचलायची, म्हणजे कमरेला ओढ बसत नाही. ते मला कळायला दोन वर्षं लागली होती. त्यांना ते कुणी सांगितलं नव्हतं.

लिहिणाऱ्या डॉक्टरांचं पेन थांबलं.

"हे तुम्ही आधी केलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"हो, साहेब." साहेबानं विचारलं की खरं सांगायचं, हेही त्यांच्या अंगात मुरलेलं. तोंडातून गेलं आणि मग त्यांना कळलं काय गेलं.

"किती दिवस?"

"अकरा वर्षं, साहेब."

"रोज?"

"रोज."

"का?"

बूट हातात, मान खाली. टक्कल पडलेलं डोकं घामानं चमकत होतं. आणि तेवढ्यात आमचे हे, ज्यांचा पाय जात होता, ज्यांच्या पायावर माझी निळी रेघ अजून पुसट दिसत होती, ते समोर बघून म्हणाले, "सवय होती, साहेब. आम्ही सगळेच एकमेकांच्या बांधायचो. पाठीचं काही नव्हतं."

पुन्हा तेच 'नाही'. बारावं. डॉक्टरबाईंनी पेन कागदावर टेकवलं. मला तो कागद दिसत होता, तळाशी दोन चौकोन, डावा नामंजूरचा, उजवा मंजूरचा, आणि पेन डावीकडच्या चौकोनाकडे निघालं होतं.

मी बोलले. वचन दिलं होतं ते मोडून बोलले, एका दमात, कोठार, फळी, खण, काडेपेटी, मांडीवरची पेटी, पुढे सरकवलेला बूट. बोलताना मी एकदाही यांच्याकडे पाहिलं नाही. संपल्यावर पाहिलं. दोघंही माझ्याकडे बघत होते, एक उभा, एक गुडघ्यावर, आणि दोघांच्या डोळ्यांत एकच भीती होती, जशी कोठारात काडी मीच ओढलीय.

"हे खरं आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

भोंगाभावजी उठले. टोपी घातली. आणि इतक्या वर्षांत मी न ऐकलेला तो जुना आवाज त्या खोलीत असा निघाला की बाहेरच्या बाकावरचीही माणसं गप्प झाली. "खरं आहे, साहेब! काडेपेटी माझी होती!"

पेन उजवीकडच्या चौकोनात गेलं. डॉक्टरबाई हळू म्हणाल्या की पाठीचं काम होईल, ऑपरेशनचं पत्र येईल. आणि साक्षीदाराचं जे आहे ते वर कळवणं त्यांना भाग आहे. भोंगाभावजींनी मान डोलावली, पुन्हा खाली बसले, यांचा बूट चढवला, नाड्या बांधल्या, टोकं आत खोचली आणि निघून गेले.

बसमध्ये हे खिडकीशी बसले. अर्ध्या रस्त्यात एवढंच म्हणाले, "सोडायचंच होतं, तर आधी ओरडायचंस."

त्यानंतर हे माझ्याशी बोललेले नाहीत. म्हणजे मीठ दे, दार लाव, असलं बोलतात. मी एकटी बोलते, मशीनशी, कुकरशी, भिंतीशी. भोंगाभावजींना चौथ्या दिवशी फाटकावरून काढलं. आठवड्याभरात त्या दोन खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या. कुठं गेले ते शेजाऱ्यांना माहीत नाही. चौकशी चालू आहे म्हणतात, आणि ती कुठवर जाईल हे कुणी सांगत नाही. मी दोनदा जाऊन आले. दाराशी विजेची किटली ठेवलेली होती, स्वच्छ घासून.

रविवारी मी डबा घेऊन बसते. हे नियमानं कुशीवर होतात, टॉवेल घेतात, पाय देतात. मी टोचते. लागलं? उत्तर नाही. लागलं? उत्तर नाही. पहिल्या रविवारी मी रडत रडत गुडघ्यापर्यंत आले. मग कातडीकडे बघायला शिकले. कातडी दहा इंचांवर हलली. काल साडेअकरावर. आता रेघ मी अंदाजानं ओढते.

दवाखान्याचं पत्र आलंय. तारीख पुढच्या आठवड्यातली. सोबत एक फॉर्म, रुग्णानं स्वतः भरून आणायचा, उद्या पोचायला हवा. काल हे तो घेऊन टेबलाशी बसले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. भरून त्यांनी तो माझ्या मशीनवर ठेवला आणि आत जाऊन पडले. नाव, वय, पत्ता, सगळं त्या सुंदर अक्षरात. पाठीची तक्रार, नाही.

त्यांचं म्हणणं मला कळतं. त्या माणसाचं घर गेलं, त्या जागेवर हे आपला पाय उभा करणार नाहीत. त्यांनी तेव्हा जे धरलं ते अजून सोडलेलं नाही. मला ते सगळं कळतं, आणि तरी मला त्यांचा पाय हवा आहे. मला राग येतो, या दोघांच्या मुक्या मैत्रीचा येतो, माझा स्वतःचाही येतो. मी त्यांना वचन देऊन मोडलं, तेही न सांगता. आता जे करणार आहे तेही त्यांच्या मनाविरुद्धच आहे. पण निदान या वेळी ते मागून होणार नाही.

मी फॉर्म घेतला, पेन घेतलं आणि आतल्या खोलीच्या दारात उभी राहिले. हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. चादरीखालून उजवा पाय बाहेर होता, रेघेसकट. मी 'नाही'वर पेन टेकवलं. मग घसा साफ केला आणि शेजारणीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरडले,

"अहो, सोडतेय!"

ते दचकले. वळले नाहीत. पण चादरीवरचे त्यांचे दोन्ही हात, वजन येणार म्हणून धरतात तसे, आपोआप उघडले. मी रेघ ओढली आणि पुढे लिहिलं, आहे.